बंद पडलेला पूल हॉल चालवायला घेताय? आधी एक बॉल सोडून बघा

गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी फोन करून एकच विचारलं, अमुक ठिकाणी एक पूल पार्लर बंद पडलंय, मालक देतो म्हणतोय, घेऊ का? प्रत्येकाला तासभर सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून काढतोय. मी आणि माझ्या मावसभावाने बेळगावात टिळकवाडीच्या बाजूला पहिल्या मजल्यावरचा एक हॉल घेतला, दोन वर्षं शटर खाली होतं, आत एक मोठं स्नूकर टेबल आणि दोन पूल टेबलं. आज चालतोय. लई पैसा सुटतो अशातला भाग नाही, पण भाडं, पगार, लाईट बिल जाऊन हातात काहीतरी राहतं, आणि ते राहायला लागेपर्यंत आम्ही ज्या ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका एवढ्यासाठी हे.

पहिलंच सांगतो. बंद हॉलमध्ये पैसे मोजून घेण्यासारख्या दोनच गोष्टी असतात, टेबलाच्या कापडाखालचा दगड आणि जुना मार्कर. मार्कर म्हणजे बॉल लावणारा, वेळ लिहिणारा, स्कोर मांडणारा, टेबलाला ब्रश मारणारा माणूस, ज्याला मालकापेक्षा जास्त लोक ओळखतात. बाकी सोफा, रंग, भिंतीवरचे लाईटवाले फोटो, काउंटर, हॉलचं नाव, हे सगळं भंगार समजा. विकणारा नेमकं याच भंगाराचे पैसे मागतो, "एवढं इंटेरियर केलंय ओ, बघा की." बघायचं, मान हलवायची, सोडून द्यायचं.

आता हॉल बघायला जाण्याआधीची गोष्ट. शटर का पडलं ते शोधा, आणि ते मालकाला विचारून कळत नाही. मालक म्हणणार, मुलगा पुण्याला गेला, बघायला वेळ नाही. खरं कारण खालच्या चहावाल्याला माहीत असतं, नाहीतर पानपट्टीवाल्याला. दोन संध्याकाळी तिथे जाऊन बसा, दोन-दोन चहा घ्या, आणि सहज विषय काढा. कारणं ठरलेली असतात. पार्टनर-पार्टनरमध्ये भांडण, हे सगळ्यात चांगलं कारण, कारण धंद्यात खोट नव्हती. सट्टा लागायचा, रेड पडली, हे सगळ्यात वाईट, कारण तो हॉल पोलिसांच्या आणि आसपासच्या आई-बापांच्या डोक्यात तसाच बसलेला असतो, तुम्ही कितीही पांढरा रंग मारा. भाडं वाढवून वाढवून हाकललं, म्हणजे तोच घरमालक तुम्हालाही हाकलणार. आणि चौथं कारण म्हणजे पोरंच गेली, जवळचं हॉस्टेल हललं किंवा क्लासेस दुसरीकडे गेले, हे कारण असेल तर टेबलं उचलून दुसरीकडे न्या पण त्या जागेत पैसे घालू नका. आमच्या हॉलचं कारण पहिलं होतं, दोन मेहुणे होते, हिशेबाच्या वहीवरून बोलणं बंद झालं आणि तसंच कुलूप पडलं.

त्या दोन संध्याकाळी बसलाच आहात तर सात ते दहामध्ये त्या रस्त्याने पंचविशीच्या आतली किती पोरं जातात तेही मोजा. आपल्याकडे गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः कॉलेजचं, टिळकवाडीत आरपीडी, गोगटे, उद्यमबागला जीआयटी, मच्छेला व्हीटीयू, तिकडे नेहरूनगरला केएलईची मेडिकलवाली. त्यांची परीक्षा लागली की हॉल ओस पडतो आणि परीक्षा संपली त्या दुपारी बसायला जागा नसते. दुसरं गिऱ्हाईक उद्यमबागच्या फाउंड्री आणि मशीन शॉपमधली नोकरीवाली मंडळी, ती शिफ्ट सुटल्यावर येतात, उधारी कमी ठेवतात, आणि परीक्षेच्या महिन्यात तीच तुम्हाला जगवतात. हॉल या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असेल तर अर्धं काम झालं.

आता आत चला. जाताना स्वतःचे बॉल घेऊन जा, कुणाकडून तरी मागून घ्या पण न्या, कारण हॉलमधले जुने बॉल झिजलेले, टवके उडालेले असतात आणि मग दोष टेबलाचा की बॉलचा हे कळत नाही. स्नूकरचा बॉल 52.5 मिलीमीटरचा, पूलचा साधारण 57.2, दोन्ही वेगळे, हे माहीत नसणारे मालकही मी बघितलेत. टेबलावरची धूळ हाताने झाडा, बॉल ठेवा आणि बोटाने इतका हळू ढकला की तो समोरच्या कुशनपर्यंत, म्हणजे कडेच्या रबरापर्यंत, जेमतेम पोचेल. जोरात मारलेला बॉल कुठल्याही टेबलावर सरळ जातो, मरत आलेला बॉल खोटं बोलत नाही. आमच्या दुसऱ्या नंबरच्या पूल टेबलावर तो बॉल शेवटच्या हातभर अंतरात थांबल्यासारखा झाला, आणि मग जणू कुणी हाक मारली तसा डावीकडे वळून मधल्या पॉकेटच्या तोंडाशी जाऊन बसला. मावसभाऊ म्हणाला, गेलं मर्दा हे टेबल. तसं नसतं. लेव्हल गेलेली असेल तर ती परत आणता येते. दगड फुटला असेल तरच टेबल गेलं.

म्हणून खाली वाका, मोबाईलचा टॉर्च लावा आणि टेबलाच्या पोटात बघा. चांगल्या टेबलाला स्लेटचा दगड असतो, बारा बाय सहा फुटी स्नूकरला पाच तुकड्यांत, पूलला बहुतेक तीन तुकड्यांत नाहीतर एकसंध. खालून नखाने खरवडा, बोटाची गाठ मारून बघा, दगडाचा आवाज बद्द आणि थंड येतो, प्लायवूड किंवा एमडीएफचा पोकळ. स्वस्तातली टेबलं एमडीएफची असतात, आणि आपल्या बेळगावच्या पावसात दोन वर्षं बंद खोलीत पडलेलं एमडीएफ पापडासारखं फुगलेलं असतं, ते कुणी फुकट दिलं तरी उचलण्याच्या हमालीचे पैसे मागा. दगडाचं टेबल असेल तर पॉकेटांच्या आसपास चीर आहे का बघा, तिथेच आधी जातो.

मग कुशन. रबर दहा-पंधरा वर्षांत वाळून कडक होतं, बॉल आपटल्यावर ठक असा लाकडासारखा आवाज आला आणि बॉल मेल्यासारखा परत आला की समजायचं संपलं. चांगल्या पूल टेबलावर क्यू बॉल, म्हणजे काठीने मारायचा पांढरा बॉल, लांबीच्या दिशेने दणकून मारला तर चार-साडेचार लांब्या तरी जातो. दोनात थांबला तर सहाही कुशनचं रबर बदलायचा खर्च आत्ताच किमतीतून कापा. कापडाकडे मात्र बघूही नका. ते बदलायचंच असतं, चांगलं दिसत असलं तरी. आमच्या स्नूकर टेबलाच्या एका कोपऱ्यात उंदरांनी जाळीच्या पॉकेटमध्ये घरटं केलं होतं, कापडाच्या हिरव्या लोकरीचं, इतकं मऊ आणि नीटस की काढताना वाईट वाटलं.

जागेचं माप घ्या, मालक सांगतो त्याच्यावर जाऊ नका. हिशेब सोपा आहे, टेबलाचा खेळायचा भाग अधिक दोन्ही बाजूंना एकेक काठी. काठी म्हणजे खेळायची क्यू, ती 57-58 इंची असते. म्हणजे आठ फुटी पूल टेबलाला, ज्याचा खेळायचा भाग 88 बाय 44 इंच, खोली 17 फूट बाय साडेतेरा फूट लागते, नऊ फुटीला 18 बाय 14, आणि पूर्ण स्नूकरला 22 बाय 16. दोन टेबलांच्या मध्ये जागा वाटून घेता येते, भिंत आणि खांब ऐकत नाहीत. आमच्याकडे एक खांब आहे, त्याच्यापाशी आखूड काठी ठेवलीय, आणि नवीन आलेला प्रत्येक जण त्या खांबाला शिवी देऊनच खेळतो. बेसमेंट असेल तर नकोच म्हणा. पहिला मजला असेल तर स्लॅब कुणा जाणत्या इंजिनिअरला दाखवा, पूर्ण स्नूकर टेबल सव्वा ते दीड टनाचं असतं आणि ते सगळं वजन आठ पायांवर येतं. आणि शक्य असेल तर एकदा जुलैमध्ये, बाहेर धो-धो चालू असताना, हॉल बघून या. एप्रिलमध्ये कोरडी ठणठणीत दिसणारी भिंत जुलैमध्ये काय करते ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. टेबलाच्या वरच्या स्लॅबवर पिवळा डाग दिसला तर तो सौदा तिथेच थांबवा, नाहीतर आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग मालकाच्या खर्चाने, मग बोलणी.

आता व्यवहार. इथे लोक घाई करतात आणि मग वर्षभर निस्तरत बसतात.

पहिलं, टेबलं नक्की कुणाची आहेत? हॉल चालवणारा वेगळा, जागेचा मालक वेगळा, आणि टेबलं तिसऱ्याचीच भाड्याने आणलेली, असं सर्रास असतं. बिल मागा, बिल नसेल तर बाँडवर लिहून घ्या की टेबलं माझी आहेत, कुणाचं देणं नाही, आणि एकेक वस्तू मोजून यादी जोडा, काठ्या किती, बॉलचे सेट किती, लाईटच्या शेड किती. यादी केली नाही तर ताबा मिळायच्या आदल्या रात्री चांगल्या काठ्या आणि एक बॉल सेट गायब होतो, हे अनुभवाचं बोलतोय. दुसरं, जागेचा सिटीएस, म्हणजे सिटी सर्व्हेचा, उतारा काढा, त्यावर नाव ज्याचं त्याच्याशीच करार. भाऊबंदकीतली जागा असेल तर सगळ्यांच्या सह्या, एक भाऊ मुंबईला आहे, तो काय म्हणत नाही, असलं चालत नाही. तिसरं, 11 महिन्यांच्या करारावर पूल हॉल घेऊ नका. 11 महिने सगळे करतात कारण वर्षाच्या वरचा करार सबरजिस्ट्रार ऑफिसात नोंदवावा लागतो, खर्च येतो. पण दगडाचं टेबल म्हणजे लॅपटॉप नव्हे, उचललं आणि चाललो म्हणायला, प्रत्येक वेळी हलवलं की मिस्त्री, लेव्हल, कापड सगळं परत. निदान तीन वर्षांचा नोंदणी केलेला करार करा, दरवर्षी भाडं किती टक्के वाढणार ते आत्ताच लिहा, आणि ॲडव्हान्स परत कधी, किती दिवसांत, तेही लिहा.

चौथं हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल. जुना आरआर नंबर, म्हणजे वीज जोडणीचा नंबर, घ्या आणि थकबाकी किती आहे ते स्वतः बघा, कारण थकबाकी मीटरच्या मानगुटीवर बसलेली असते, माणूस बदलला म्हणून ती जात नाही. आम्हाला मालकाने बिल नील आहे म्हणून सांगितलं, आम्हीही मान डोलावली, आणि लाईन जोडायला गेलो तर जुनी बाकी आणि त्यावरचं व्याज. शेवटी अर्धं अर्धं भरलं, पण ते अर्धं आमच्या कापडाचे पैसे होते.

जुन्या हॉलची उधारीची वहीसुद्धा विकायला काढतात काही जण, "यात 20-25 हजार येणं आहे, ते तुमचं." हसून सोडून द्या. वही मात्र मागून वाचून घ्या, कारण त्यात कोण किती वाजता यायचं, आठवड्यातून किती वेळा, कुठलं टेबल जास्त चालायचं, सगळं असतं. आमच्या वहीतून कळलं की मोठं स्नूकर टेबल आठवड्यात मोजून चार दिवस लागायचं आणि दोन पूल टेबलांवर रोज गर्दी. म्हणून आम्ही पहिल्यांदा पूल टेबलं तयार केली, स्नूकर दोन महिने झाकून ठेवलं.

कागदपत्रांत फार रमत नाही, थोडक्यात सांगतो. महानगरपालिकेचं ट्रेड लायसन्स, ते जुन्याच्या नावावर असेल तर तुमच्या नावावर नवीन काढा. कर्नाटक शॉप्स अँड कमर्शियल एस्टॅब्लिशमेंट कायदा 1961 खाली नोंदणी. आम्ही हद्दीतल्या पोलिस स्टेशनलाही लेखी अर्ज दिला, काय धंदा, किती टेबलं, किती ते किती चालू, सोबत कराराची झेरॉक्स, आणि पोच शिक्का मारून घेतली. ती पोच लॅमिनेट करून काउंटरमागे आहे. डिसेंबरमध्ये सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की शहरात बाहेरून पोलिस येतात, रात्री कुणीतरी वर चढून हे काय चाललंय विचारतं, तेव्हा ती पोच उपयोगी पडते. जीएसटी सेवा धंद्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की, सुरुवातीला तो प्रश्न येत नाही पण सीएला विचारून ठेवा. आणि बोर्ड. आपल्याकडे मराठी-कन्नड वादात बोर्ड हा विषय कसा आहे ते मी सांगायला नको, पण 2024 च्या कायद्याने बोर्डावर 60 टक्के कन्नड लागतं आणि ते वरच्या भागात लागतं, तेव्हा पेंटरला आधीच सांगा, दोनदा बोर्ड करायचा खर्च वाचतो. मराठी खाली ठसठशीत लिहा.

सट्ट्याचं मात्र सविस्तर बोलायला पाहिजे, कारण हॉल बंद पडतात ते बहुतेक यामुळे. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे भरायचे ही पद्धत सगळीकडे आहे, तो टेबलाचा चार्ज झाला, तो तुम्ही घेणारच. पण दोघांनी आपसात 500-500 लावले आणि तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलं की उद्या 5000 लागतात, आणि त्यातला एखादा हिस्सा काउंटरवर घेतलात तर कर्नाटक पोलीस कायदा 1963 च्या भाषेत तुमचा हॉल जुगाराचा अड्डा. आमचा नियम एकच, टेबलाच्या कडेवर नोट दिसली की गेम बंद, दोघंही खाली. पहिल्या महिन्यात असे सहा-सात जण गेले, त्यातले दोन चांगले खेळणारे होते, मावसभाऊ चिडला. त्या जागी जी पोरं आली ती आपल्या लहान भावांना घेऊन यायला लागली. बिडी-सिगरेट आत बंद, सार्वजनिक जागेत कायद्यानेच बंद आहे, आणि एक निखारा कापडावर पडला की टेबलाचं काम झालं. हुक्का लावा, गर्दी होईल असं सांगणारे भेटतील, 2024 पासून कर्नाटकात हुक्क्यावर बंदी आहे, विषय संपला. शाळेच्या युनिफॉर्ममधलं पोरगं दिसलं तर पाणी पाजून घरी पाठवा.

आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक अज्जा राहतात. शटर उघडून झाडलोट चालू होती तर काठी टेकत आले आणि दारातूनच विचारलं, "इल्ली इस्पीट आडतारेनू?" पत्ते खेळतात का इथं. मी म्हटलं नाही ओ अज्जा, हा खेळ आहे, स्नूकर तर आपल्याच देशात जन्मलाय, 1875 च्या सुमाराला जबलपूरला छावणीतल्या इंग्रज ऑफिसरांनी पावसाळ्यात बसून काढला, पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला, आणि आपल्या बेंगळुरूच्या पंकज अडवाणीला 2018 मध्ये पद्मभूषण मिळालं. अज्जांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, रात्री किती वाजता बंद करणार? लोकांना खेळाच्या इतिहासाशी नाही, आवाजाशी देणंघेणं असतं. दहाला म्युझिक बंद, अकराला शटर, जिन्यात कुणी उभं राहायचं नाही, एवढं पाळलं. आता अज्जाच कधीतरी खुर्ची टाकून बघत बसतात.

दुरुस्तीवर येतो. इथेच आमचे सगळ्यात जास्त पैसे गेले. टेबलाचा मिस्त्री सगळीकडे मिळत नाही, बाहेरगावाहून बोलवावा लागतो, येण्याजाण्याचं, राहण्याचं, सगळं आपल्याकडे. तो खर्च वाचवायला आम्ही पहिल्या टेबलाचं कापड एका सोफा शिवणाऱ्याकडून लावून घेतलं. माणूस कामाला चोख, सोफा एक नंबर करतो. कापड दिसायलाही छान बसलं. पंधरा दिवसांत मधल्या पॉकेटापाशी सळ आला, मग टेबलाच्या एका टोकाला, बॉल त्या सळावरून जाताना बारीक उडी मारायचा. सोफ्याचं कापड वरून दाबून बसतं, टेबलाचं कापड चारही बाजूंनी ताणून बसवावं लागतं, ढोलकीच्या कातड्यासारखं, आणि कोणत्या बाजूपासून सुरू करायचं, किती ओढायचं, हे हाताला माहीत असावं लागतं. ते कापड फेकून दिलं, परत नवीन. स्नूकरच्या कापडाला तर लव असते आणि ती डीकडून, म्हणजे टेबलाच्या एका टोकाला आखलेल्या अर्धगोलाकडून, समोरच्या टोकाच्या काळ्या बॉलच्या (ब्लॅकच्या) स्पॉटकडे जायला पाहिजे, उलटं लावलं तर हळू बॉल भलतीकडे ओढतो. पूलचं कापड, सिमोनिस कंपनीच्या कापडासारखं, बिनलवेचं असतं, त्याला ही भानगड नाही.

मार्करमामा आम्हाला तेव्हा भेटले. जुन्या हॉलवर बारा-तेरा वर्षं होते, हॉल बंद झाल्यावर खडेबाजारात एका कापडाच्या दुकानात लागले होते. चहावाल्याने पत्ता दिला. आले, काही न बोलता त्या दोन नंबरच्या टेबलावर बॉल सोडला, तोच बॉल, तसाच डावीकडे वळला, आणि मामा म्हणाले, "पाय नाही गेला, दगड बसलाय." आम्ही गवंड्याची पाणसळ ठेवून ठेवून थकलो होतो, तिच्यात बुडबुडा बरोबर मध्ये दाखवायचा. मामा म्हणाले ही भिंतीसाठी, टेबलासाठी नाही. उद्यमबागला एका मशीन शॉपमधून मित्राकडून बारीक लेव्हल आणली, मीटरला 0.02 मिलीमीटरचा फरक दाखवणारी, लेथ बसवायला वापरतात ती. तिच्यावर बुडबुडा एका कडेला जाऊन चिकटला. मग कापड सोडवलं, स्क्रू ढिले केले, मधल्या दगडाच्या आणि लाकडी फ्रेमच्या फटीत मामांनी खिशातून काढून पत्ता सरकवला. खरंखुरं पत्त्याचं पान, चौकटची सत्ती. एक पान, परत लेव्हल, परत अर्धं पान फाडून, परत लेव्हल. तीन तास. सांधे मेणाने भरले, वर पातं फिरवून सपाट केले, बोट फिरवल्यावर सांधा हाताला लागला नाही तेव्हा म्हणाले आता कापड लावा. अज्जांना मी शपथेवर सांगितलं होतं की इथे पत्ते नाहीत, आणि दोन नंबरच्या टेबलाखाली आजही चौकटची सत्ती आहे.

मामांना दुकानात मिळत होता त्यापेक्षा थोडा जास्त पगार आणि रविवारच्या गल्ल्यात छोटा वाटा ठरवला. वाटा ठेवाच. तो माणूस काउंटरवर असेल तेव्हा वेळ बरोबर लिहिली जाते, आणि त्याच्या ओळखीने जुनी गिऱ्हाईकं परत येतात, आमची पहिली वीसेक तरी त्यांच्या फोनवर आली.

बाकी सामानात बॉलवर पैसे घाला, अरामिथ कंपनीचा एक चांगला सेट स्वस्तातल्या तीन सेटपेक्षा जास्त टिकतो आणि कापडही कमी खातो. काठ्या साध्या चालतील, टीप, म्हणजे काठीच्या टोकाचं चामडं, मात्र नीट, पेटीभर टिपा आणि डिंक ठेवा आणि मामांसारख्याकडून बसवून घ्या, टीप गुळगुळीत झालेली काठी म्हणजे मिसक्यू, बॉलवरून घसरलेला फटका, आणि फाटलेलं कापड. लाईट टेबलाच्या वर साधारण तीन-साडेतीन फुटांवर, पूर्ण टेबलावर सारखा उजेड, कोपऱ्यात सावली नको, एलईडी घ्या. इन्व्हर्टर निदान टेबलाच्या लाईटपुरता पाहिजेच, फ्रेम, म्हणजे एक डाव, शेवटच्या काळ्या बॉलवर आलेली असताना वीज गेली तर पैसे कुणी द्यायचे यावरून होणारं भांडण इन्व्हर्टरपेक्षा महाग पडतं. पावसाळ्यात कापड ओल धरतं, बॉल जड चालतो, रोज सकाळी खिडक्या उघडून पंखे लावा, रात्री टेबल झाका, स्नूकरला डीकडून ब्लॅककडे ब्रश आणि मग त्याच दिशेने कोमट इस्त्री. घरची कपड्यांची इस्त्री आणून फिरवू नका, एका जागी दोन सेकंद जास्त थांबली की तपकिरी त्रिकोण कायमचा.

दराचा हिशेब कागदावर करा. समजा तीन टेबलं, आठवड्याच्या दिवशी प्रत्येक टेबल सरासरी चार तास लागलं, शनिवार-रविवार सात तास. महिन्याचे 22 साधे दिवस म्हणजे 264 तास, 8 सुट्टीचे म्हणजे 168, एकूण 432 टेबल-तास. तासाला 120 धरले तर 51,840. यातून भाडं, मामांचा पगार, कमर्शियल दराचं लाईट बिल, खडू-टिपा वजा करा, आणि दर टेबल-तासाला 5 रुपये वेगळ्या डब्यात टाका, महिन्याला 2,160 होतात, तो कापडाचा डबा. त्याला हात लावायचा नाही. कापड फाटतं तेव्हा खिशात पैसे नसतात म्हणून लोक चिकटपट्टी लावतात, आणि चिकटपट्टी लागलेल्या टेबलावर चांगला खेळणारा परत येत नाही. हे सगळं करून आकडा उणे येत असेल तर घरमालकाशी भाड्यावर बोला, दर वाढवून जमत नाही, पोरं दहा रुपयांसाठी दुसऱ्या हॉलला जातात. उधारी आम्ही एका फ्रेमपुरती ठेवलीय, मागची दिल्याशिवाय पुढची काठी हातात नाही.

उघडायचा दिवस निवडताना कॅलेंडर बघा. गणपतीचे दिवस नकोत, पोरं सगळी मंडळात असतात. शिवजयंतीच्या चित्ररथाच्या रात्री गावच रस्त्यावर असतं. 1 नोव्हेंबरला, एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिन, तर शटर उचलायचंच नाही. आम्ही सेमिस्टरच्या परीक्षा संपल्याच्या आठवड्यातला शुक्रवार धरला, रिबीन-बिबीन काही नाही, सकाळी सत्यनारायण आईच्या समाधानासाठी, दुपारी जुन्या वहीतल्या लोकांना एक तास फुकट.

त्या दिवशी साडेसहाला दोन्ही टेबलांवर रांग लागली आणि चार पोरं स्नूकरवरचं झाकण काढा म्हणून मागे लागली. मावसभाऊ काढायला निघालाही होता. मामांनी झाकणावर हात ठेवला, म्हणाले, "याचं कापड जुनं आहे. आज खेळवलंत तर हे लोक उद्या गावभर सांगतील." पोरं कुरकुरली, मग पूलच्या रांगेत जाऊन उभी राहिली. दोन महिन्यांनी नवीन कापड लागलं तेव्हा मामांनी त्याच चौघांना फोन केला.